शिडीवरचे तीन ठोके

१७ फेब्रुवारी

मायना कोरा सोडला आहे, राग मानू नये. 'प्रिय' लिहावं तर आपली तेवढी ओळख नाही. 'सौ.' लिहावं तर ज्यांच्यामुळे तुम्ही सौभाग्यवती झालात, त्यांच्याचमुळे मीही कधीकाळी होते. नवऱ्याच्या आधीच्या बायकोने आताच्या बायकोला काय म्हणावं, याला आपल्या भाषेत एकच शब्द आहे, आणि तो पाकिटावर लिहिला तर पोस्टमन पत्र तुम्हाला न देता स्वतःच घरी नेऊन वाचेल.

तेव्हा थेट खुशालीवर येते. इकडे सगळं ठीक. तिकडेही असावं. मुलं वाढताहेत, विशेषतः पाय. धाकट्याच्या पावलाचं माप तुम्ही मागितलंत ते सोबत कळवते आहे, पण तेरा वर्षांच्या मुलाचं आज घेतलेलं माप सुट्टीपर्यंत टिकेल याची हमी देत नाही. थोरलीचं माप स्थिर आहे. तिचं सगळंच स्थिर असतं. दार लावलेलं, आवाज बेताचा, ताट धुतलेलं.

फोन का केला नाही असं वाटेल. फोनवर माझी जीभ माझ्या आधी पोचते. कागदावर तिला वाटेत गाठता येतं.

तुमचा बेत त्यांनी मला समजावून सांगितला. (आमच्या लग्नात मी त्यांना 'हे' म्हणायची, आता 'ते' म्हणते. मुलं सांगतात की तुम्ही सरळ नावाने हाक मारता. प्रगती आहे.) ते समजावून सांगायला लागले की आधी कळलेलंही नाहीसं होतं, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. म्हणाले, "अगं, बोट नाही, खोल समुद्र नाही. पाठीवर हवेची टाकी लावायची आणि किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं. बागेत जातो तसं." हे सांगणारा माणूस धक्क्याला बांधून ठेवलेल्या होडीत बसून ओकला होता. मी साक्षीदार आहे. तेव्हा बागेची उपमा मी जमेस धरलेली नाही.

मी विमा कंपनीत दावे तपासते, हे तुम्हाला ठाऊक असेल. लोक माझ्या टेबलासमोर बसतात आणि मी विचारते: का झालं, कसं झालं, तेव्हा तुम्ही कुठे होतात, कोणी पाहिलं? माझ्यामागे कपाटभर फायली आहेत आणि त्यातल्या प्रत्येकीची सुरुवात कोणीतरी "काही होत नाही हो" म्हणाल्यापासून झालेली आहे. म्हणून विचारते. कान दुखले तर काय करतात? पाण्याखाली चष्म्यात पाणी शिरलं तर? दोन मुलं आणि शिकवणाऱ्या तुम्ही एकट्या, तर एकाकडे बघताना दुसऱ्याकडे कोण बघतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं: खाली गेल्यावर पोरगं घाबरलं, तर ते तुम्हाला कसं कळतं? माझी मुलं घाबरली की बोलत नाहीत. हा गुण त्यांनी माझ्याकडून घेतलेला नाही.

थोरलीची शाळा यंदा संपतेय. पुढे काय, हा विषय घरात अजून कुणी काढलेला नाही. सुट्टीनंतर बघू, असं चाललंय. हे तुम्हाला कशासाठी लिहिलं, कोण जाणे. कागद उरला होता.

उत्तराची घाई नाही, पण वाट बघते आहे.

— मुलांची आई


९ मार्च

प्रशिक्षक बाईंस,

तुमचं उत्तर मिळालं. मी एवढे प्रश्न विचारले की दुसऱ्या कुणी मला गप्प करणारं पत्र लिहिलं असतं. तुम्ही एकेका प्रश्नाचं उत्तर दिलंत, तेही 'काळजी करू नका' हे शब्द न वापरता. माझ्या नोकरीत हे शब्द वापरणाऱ्याचा दावा मी दोनदा तपासते. तुमचा एकदाच तपासला. चूक सापडली नाही, याचं थोडं वाईट वाटलं.

कानाच्या डॉक्टरांकडे दोघांना नेऊन आणलं. धाकट्याचे कान अत्युत्तम आहेत म्हणाले. मी म्हटलं, "मग याला हाका ऐकू का येत नाहीत?" डॉक्टर म्हणाले, "तो माझा विषय नाही."

तुम्ही ठरवून दिलेला तलावातला सराव सुरू झालाय. मी काठावरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसते, न्यायालयात बसल्यासारखी. धाकटा पहिल्या दिवशी नाकातून अर्धा तलाव प्यायला आणि वर येऊन त्याने सगळ्यांना सांगितलं की मुद्दामच प्यायला. आता तो घरात चष्मा लावून जेवतो. ताटापलीकडून हाताच्या खुणा करतो. मीठ हवं याला अजून खूण नाही म्हणून अळणी खातो, पण बोलत नाही. या एका गोष्टीसाठी मी तुमची आजन्म ऋणी आहे.

थोरलीचं वेगळंच. तिने चष्म्यात पाणी घेतलं, श्वासाने बाहेर काढलं, आणि मग तलावाच्या तळाशी मांडी घालून नुसती बसून राहिली. बुडबुडे असे सावकाश वर येत होते, जणू कुणी विचार करून एकेक शब्द बोलतंय. तिथला प्रशिक्षक मला म्हणाला, "ही आधी कुठे शिकलीय का?" मी म्हटलं नाही. मग वाटलं, शिकली असेलही. आमच्या घरात बोलणाऱ्यांची गर्दी होती, तेव्हा ती अशीच तळाशी जाऊन बसत असावी.

तुमच्या बेतातली एक गोष्ट मला फार आवडली. शेवटचा दिवस कोरडा ठेवायचा, पाण्यातून निघून लगेच विमानात बसायचं नाही, शरीराला वर यायला वेळ द्यायचा. सहलीचा शेवटचा तास पिळून काढणाऱ्या माणसाबरोबर मी संसार केलेला आहे. त्यांना हा नियम तुम्ही पाळायला लावणार असाल, तर तुम्ही समुद्रापेक्षा मोठं काम हाती घेतलंय.

आता न पटलेली गोष्ट.

तुम्ही लिहिलंत: "घाबरल्याचं मला कळायची वाट मी बघत नाही. आमच्याकडे ज्याला नको वाटेल त्याने खूण करायची आणि सगळ्यांनी वर यायचं. नवशिका असो की मी असो. कारण द्यायचं नाही आणि कुणी विचारायचं नाही. त्या वेळीही नाही, नंतर जेवतानाही नाही. कारण द्यावं लागणार असेल तर माणूस चांगलं कारण सापडेपर्यंत खाली थांबून राहतो."

हे वाचून मी हसले. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या दोघींना वाचून दाखवलं. कारण न विचारता दावा मंजूर करायचा म्हटलं तर आमची कंपनी दिवाळं काढील. आणि आमच्या घराचं तर काय सांगावं? आमच्याकडे कुणी भाजी नको म्हटलं तरी चौकशी समिती बसते, आणि समितीची अध्यक्ष, सचिव आणि शिपाई मीच.

जेवताना मुलांना सांगितलं. धाकट्याने खूण केली, तिचा अर्थ बहुधा 'भारी' असा होता. थोरली मात्र मान वर न करता म्हणाली, "खरंच कुणी विचारत नाही?"

"असं लिहिलंय बाई त्यांनी."

"आणि तू? तू पण नाही विचारणार?"

"मी कुठे पाण्यात आहे?" मी म्हटलं.

तिने ताट उचललं आणि धुवून टाकलं.

तुम्ही पत्राच्या शेवटी मला जे विचारलंय त्यावर विचार करते आहे. मला पोहता येत नाही, हे तुम्हाला त्यांनी सांगितलं नाही का?

— मुलांची आई


२८ एप्रिल

बाई,

येते आहे.

तुमचं वाक्य फार धूर्त होतं. "किनाऱ्यावर मला पोहणारं माणूस नकोय, नजर न हटवणारं हवंय. माझा नवरा दर पाच मिनिटांनी पक्षी बघतो." पक्ष्यांबद्दल मी साक्ष देऊ शकते. आमच्या लग्नातही त्यांनी अंतरपाटावरून एक बघितला होता.

नजर न हटवणं ही माझ्या नोकरीची एकमेव पात्रता आहे. तेव्हा मंजूर. अटी अशा: माझी खोली वेगळी, शक्यतो वेगळ्या मजल्यावर. माझ्या अंगावर पाण्यातला घट्ट पोशाख चढवण्याचा प्रयत्न कुणी करू नये. आणि आपण दोघी एकत्र बसून त्यांच्या घोरण्यावर चर्चा करणार नाही, निदान पहिल्या दिवशी तरी.

सामान भरून झालंय. धाकट्याच्या पायाचं नवं माप खाली लिहिते, पहिलं विसरा. थोरली तुम्ही सांगितलेली बारीकसारीक सगळी तयारी स्वतः करतेय. कोरडे कपडे वेगळे, ओले ठेवायच्या पिशव्या वेगळ्या, लोकरी टोपी सगळ्यात वर. इतकी नीट भरलीय बॅग की मी तिच्यातल्या घड्या मोजत बसले. नुसती सुट्टीची वाटत नाही.

तिची एक गोष्ट आहे. तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे. मला माहीत आहे हे तुम्हाला माहीत नाही, असं आपण सुट्टीभर धरून चालू. हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

— किनाऱ्यावरचं माणूस


६ जून

मायना शेवटी लिहीन. आधी मजकूर.

सुखरूप पोचलो. बॅगांतून अजून वाळू निघतेय. धाकटा तुमच्या गावची वाळू म्हणून ती काचेच्या बाटलीत भरतोय. तिच्यात मी वाटेसाठी केलेल्या केकचे कणही आहेत, पण सांगितलेलं नाही. ऑफिसात पहिल्या दिवशी एक गृहस्थ गाडीच्या दाव्यासाठी आले. मी फाईल उघडली, तोंड उघडलं, आणि 'का' म्हणायच्या आधी थोडी थांबले. त्या थांबण्याने ते इतके बावरले की खरं काय ते सगळं सांगून मोकळे झाले. हा नियम वाईट नाही हो. मी तुमच्या नावाने पगारवाढ मागणार आहे.

तुम्हाला पाण्यात पाहायचं, असं मी घरून ठरवूनच निघाले होते. पाहिलं. आणि तिथेच सगळी पंचाईत झाली.

मला वाटलं होतं कुणीतरी उत्साही बाई असेल, दात दाखवणारी, मुलांच्या पाठीवर थापा मारणारी. तुम्ही भेटलात त्या धुऊन-धुऊन विटलेल्या शर्टात, हातात चहाचा मग घेऊन, धक्क्याच्या टोकाला समुद्राकडे तोंड करून बसलेल्या. "या," म्हणालात आणि बसायला जागा केलीत. मी म्हटलं, "काय बघताय?" तर म्हणालात, "आज त्याचा मूड कसा आहे ते." मी मनात म्हटलं, झालं, कवयित्री निघाली. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पोशाख चढवले, टाक्या पाठीवर घेतल्या, धाकट्याने काचेवर वाफ धरू नये म्हणून चष्म्यात थुंकून तो चोळून घेतला, पाणी काचेसारखं होतं, आणि तुम्ही गुडघाभर पाण्यात उभ्या राहून म्हणालात, "आज नाही."

माझ्या तोंडून निघालंच, "का?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. "आज नाही," पुन्हा तेवढंच म्हणालात आणि धाकट्याच्या पाठीवरचा पट्टा सोडायला लागलात. आणि मुलांनी, माझ्या मुलांनी, एक शब्द न बोलता टाक्या उतरवल्या. सगळी सकाळ पत्ते खेळलो. त्यांनी तीन डाव हरल्यावर पक्षी बघायला सुरुवात केली. दुपारी ढग आले की नाही, लाटा उठल्या की नाही, हे मी चोरून बघत होते. काहीच झालं नाही. समुद्र संध्याकाळपर्यंत तसाच गुळगुळीत होता. तरी तुमच्या चेहऱ्यावर 'उगाच थांबलो' असं कुठे दिसलं नाही. मी आयुष्यात इतकी निर्ढावलेली बाई पाहिली नव्हती. मला फार हेवा वाटला.

मग ते पाण्यात शिरणं! माणसाने समुद्रात असं उलटं जावं, पाठीने, एकमेकांचे हात धरून, पायात बदकाची पावलं घालून, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी दावा फेटाळला असता. धाकटा पडला, उठला, पडला. बाहेर येतानाही तसंच. किनाऱ्यावर दुसऱ्या शाळेची मुलं बघत होती म्हणून त्याला उभंच राहायचं होतं. तुम्ही त्याच्या शेजारी स्वतः चार पायांवर आलात, टाकीसकट, रांगत, आणि म्हणालात, "चल, शर्यत." एवढी मोठी बाई कासवासारखी वाळूत रांगत येतेय हे बघून ती पोरंच लाजली आणि निघून गेली.

त्याच वेळी तो ओरडला, "मावशी, माझा चष्मा!" आणि मग त्याला मी दिसले. पोराचा चेहरा असा झाला, जणू कुणाचं भांडं फोडलंय. इतकी वर्षं माझ्यासमोर तुमचा उल्लेख 'त्या' असाच व्हायचा. 'त्या म्हणाल्या', 'त्यांनी दिलं'. मी टॉवेल पुढे केला आणि म्हटलं, "अरे, मावशीला चष्मा देऊ दे की, आधी नाक पूस." त्याने नाक पुसलं. तुम्ही पाण्याकडे बघत राहिलात. बरं केलंत.

आता मुद्द्यावर येते. इतका वेळ टाळत होते, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

तुम्ही माझ्या हातात तो लाल रंगाचा पाना दिलात आणि धक्क्याची लोखंडी शिडी दाखवलीत. "पाण्याखाली आवाज लांबवर पोचतो. काहीही नको वाटलं तर शिडीवर तीन ठोके. आम्ही वर येतो." मी विचारलं, "काहीही म्हणजे?" म्हणालात, "काहीही म्हणजे काहीही." पहिल्या दोन वेळा मी पाना असा धरून बसले की ते शेजारी बसून म्हणाले, "अगं, सैल धर, तो पळून जाणार नाही." मी त्यांना म्हटलं, "तुम्ही पक्षी बघा."

आणि मग तो दिवस, मुलांचा सगळ्यात चांगला. पाणी इतकं स्वच्छ की धक्क्यावरून तळ दिसत होता. खडकाच्या कडेला तुम्ही तिघं. धाकटा कुठल्याशा माशाच्या मागे, पण तुमच्या नजरेच्या टप्प्यात. थोरली तुमच्या शेजारी. कडेपुढे तळ उतरत जातो आणि रंग गडद होतो, तिथे तुम्ही जराशा थांबलात. तिने तुमच्याकडे बघितलं. तुम्ही हात पुढे केला नाहीत, हे मी नीट पाहिलंय. हात तिने धरला. स्वतःहून. आणि तुम्ही दोघी त्या गडद निळ्यात उतरायला लागलात, सावकाश, सारख्या लयीत, जशा कायमच्या एकत्र चालत आलेल्या दोन बायका.

मी तीन ठोके दिले.

समुद्रात काहीच बिघडलं नव्हतं. बुडबुडे दिसत होते. तिघंही दिसत होती.

तुम्ही लगेच थांबलात, एक क्षणही नाही लावला. वर मात्र झटकन आला नाहीत. धाकट्याला बोलावलंत, थोरलीच्या खांद्यावर हात ठेवलात, तिने घाई करू नये म्हणून, आणि तिघं डोकी वर करून असे हळूहळू वर आलात, जणू जिना चढताय. पाण्याबाहेर आल्यावर तुम्ही आधी मुलांचे चेहरे बघितलेत, मग माझा. आणि म्हणालात, "चला, सूप गरम असेल."

एवढंच!

धाकटा म्हणाला, "आई, पण आम्ही आत्ताच तर—" तुम्ही त्याला म्हणालात, "मासा उद्या पण असेल." ते धक्क्यावरून उठत म्हणाले, "पण झालं काय गं, का—" आणि तुम्ही त्यांच्या हातात ओला पोशाख कोंबलात: "हा पिळ." बिचारे पिळत बसले. सूप झालं, पाव झाला, टाक्या धुऊन झाल्या. मी वाट बघत होते. ज्या घरात मी वाढले, जे घर मी चालवलं, तिथे हे शक्यच नव्हतं. कुणीतरी विचारणार, मग मी सांगणार, मग वाद, मग रडणं, मग समेट, अशी आमची पद्धत. तुम्ही कुणीच विचारलं नाही. मला सुटका होण्याऐवजी वाटलं, अरे, विचारा की! उत्तर तयार होतं माझ्याकडे. ऊन तिरपं झालं होतं, पाणी चकाकत होतं, बुडबुडे दिसेनासे झाले. असं सुरेख कारण, की मीच ते मंजूर केलं असतं.

थोरली केस पुसत माझ्या शेजारी येऊन बसली. नेहमीसारखी हातभर लांब नाही, चिकटून. ओला खांदा माझ्या बाहीला.

तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून सांगते आहे.

जानेवारीत स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मी तिचं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. "मावशी, बाबाला सांग, मला तिकडेच शिकायचंय, समुद्राचंच. पण आईला अजून नको सांगू. ती का विचारेल, आणि मला तिला वाईट वाटणार नाही असं उत्तर अजून सापडलेलं नाही." मी आत गेले नाही. भाजी करपली. तेव्हापासून मी तुम्हाला पत्रं लिहितेय. कान, पावलं, विमानं, सगळं विचारलं, हे सोडून. ती तुमचा हात धरून त्या निळ्यात उतरली तेव्हा मला वाटलं, ही गेली. माझ्या डोळ्यांदेखत गेली, आणि मीच काठावर बसून पहारा देतेय. म्हणून वाजवलं.

तुझं ते वाक्य आठवतंय? कारण द्यावं लागणार असेल तर माणूस चांगलं कारण सापडेपर्यंत खाली थांबून राहतो. माझी मुलगी जानेवारीपासून खाली थांबली होती. तिची हवा संपत आली होती, आणि मी वर बसून तिच्या बॅगेच्या घड्या मोजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धक्क्यावर माझ्याकडे आली. "आई, मला इथे राहून शिकायचंय." धाडकन. जेवणाच्या टेबलावर इतकी वर्षं मोजून-मापून बोलणारी मुलगी. माझ्या जिभेवर सगळे 'का' रांग लावून उभे होते, अगदी कपाटभर. मी म्हटलं, "वारा फार असतो इथे. लोकरीचे किती आहेत तुझ्याकडे?"

ती म्हणाली, "दोन."

"पुरायचे नाहीत," मी म्हटलं.

मग ती रडली आणि मी रडले नाही. मला पाण्यावर लक्ष ठेवायचं होतं. तुम्ही तिघं पुन्हा त्याच कडेपाशी गेलात, तिने पुन्हा तुझा हात धरला, आणि दोघी उतरलात, कालच्यापेक्षा खोल. पाना माझ्या हातात होता. बोटं दुखेपर्यंत धरला होता. ते शेजारी बसले होते. त्यांनी एकही पक्षी बघितला नाही, ही नोंद त्यांच्या बाजूने करून ठेवते. मी वाजवला नाही. तुम्ही वर आलात तेव्हा ती चष्मा काढून हसत होती. मी तिला हसताना पाहिलंय, पण असं, तोंडभर, दात मोजता येतील असं, बऱ्याच काळात नाही.

मी पाहिलंय, तू तिचा पट्टा तपासतेस तेव्हा प्रत्येक चाप बोटाने दाबून बघतेस, काल बघितलेला असला तरी. मग तिच्याकडून तुझा तपासून घेतेस आणि ती जे सांगेल ते ऐकतेस. एकदा तिने तुझी एक नळी अडकलेली दाखवली, तर तू म्हणालीस, "बरोबर. मला दिसली नव्हती." किती सोपं वाक्य! मी पुष्कळ आया पाहिल्या आहेत, त्यात आरशातली एक धरून. हे वाक्य म्हणणारी पाहिली नव्हती.

ती तिकडे येईल. लोकरीचे मी विणून देणार नाही, मला येत नाही, विकत आणलेत. तिला सकाळी उठवू नये, ती आपणहून उठते. आजारी असली की सांगत नाही, ताट अर्धं ठेवते, त्यावरून ओळख. परीक्षेआधी नखं खाते. त्यांना सांग, तिच्यासमोर समजावून सांगायला लागू नका; लागलेच तर त्यांच्या हातात काहीतरी पिळायला दे.

बॅगेत लोकरी कपड्यांखाली एक पाना सापडेल. आमच्या घरातला आहे, स्वयंपाकघरातल्या नळासाठी ठेवलेला. तिला सांगितलंय, ज्या दिवशी नको वाटेल त्या दिवशी वाजव. कॉलेज नको, समुद्र नको, बाबा नको, तू नकोस, काहीही. मी येऊन घेऊन जाईन. तू विचारू नकोस का, आणि मीही विचारणार नाही, त्या वेळीही नाही आणि नंतर जेवतानाही नाही. आणि तिने कधी वाजवलाच नाही, तर राहू दे तसाच. तुमच्याकडच्या खाऱ्या हवेत गंजेल. इकडे नळ गळतोय, तो मी दुसऱ्या पान्याने घट्ट करीन.

मायना राहिलाच. तू मुलांची मावशी, हे धाकट्याने आपल्या दोघींना न विचारता ठरवून टाकलंय. त्याने का ठरवलं, ते मी विचारलेलं नाही. नातं त्याने जोडलंय, वयाने मोठी मी आहे, तेव्हा सही मला करावी लागणार.

तिचे पट्टे तपासत जा.

— ताई